सोलापुरातून एक्सपेरिमेंटल इलेक्ट्रॉनिक कॉन्सर्टला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

मिरवणुकीतल्या डॉल्बीचा बेस छातीवर घेतला नाही असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. त्यामुळं इलेक्ट्रॉनिक म्युझिकची कॉन्सर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तेच येतं, स्पीकरची भिंत, लेझर आणि पुढं नाचणारी पोरं. एक्सपेरिमेंटलचा कार्यक्रम त्यातला नव्हे. तिथं कधी वीस मिनिटं एकच सूर चालू असतो, कधी नुसती खरखर, कधी पत्रा घासल्यासारखा आवाज, टेबलावर वायरींचं जाळं आणि त्यामागं एक जण मान खाली घालून बटणं फिरवतोय, ठेका नाही, मुखडा नाही, टाळी कुठं द्यायची तेही कळत नाही. सोबत आलेला मित्र दहाव्या मिनिटाला कानात म्हणतो "काय लावलंय बे हे" आणि पंधराव्या मिनिटाला दोघं बाहेर. एवढा प्रवास करून, तिकीट काढून असं झालं तर खरंच वाईट वाटतं, कारण हे संगीत खोलीत बसून, खऱ्या स्पीकरवर ऐकण्यासाठीच बनवलेलं असतं, मोबाईलवर त्याचा निम्माही अनुभव येत नाही. त्यासाठी तयारी लागते ती कानाची आणि अंगाची. ती कशी करायची ते सगळं इथं लिहितोय.

आठवडाभर आधी: कान लावून ऐकायची सवय

गाणं ऐकताना आपलं सगळं लक्ष चाल आणि शब्दांवर असतं. इथं दोन्ही नसतात, म्हणून आवाजाचा पोत ऐकायची सवय करावी लागते. म्हणजे आवाज जाड आहे का बारीक, कोरडा आहे का घुमतोय, जवळून येतोय का लांबून, आणि हळूहळू त्यात काय बदलतंय. ही सवय करायला सोलापूरइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पूर्व भागात जिथं अजून यंत्रमाग चालतात अशा एखाद्या गल्लीत जावा. मोबाईल खिशात, हेडफोन घरी, आणि कारखान्याच्या बाहेर नुसतं दहा मिनिटं उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं सगळा एकच गोंगाट वाटतो. मग जवळचा माग वेगळा ऐकू यायला लागतो, धोटा इकडून तिकडं गेल्याचा ठोका, फणी आपटल्याचा ठोका, खाली मोटारीची घरघर. मग त्याच्या शेजारचा माग सापडतो, आणि त्याचा वेग याच्यापेक्षा किंचित कमी-जास्त असतो. हे एकदा सापडलं की तिथून हलावंसं वाटत नाही, कारण दोन्ही ठोके हळूहळू एकमेकांजवळ येतात, एक क्षण एकदम जुळतात, आणि परत सुटत जातात, मधल्या वेळात असे ठेके तयार होतात जे कुठल्याच एका मागावर वाजत नाहीयेत. अमेरिकेत संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये नेमकं हेच टेपवर केलं. एकच तुकडा दोन टेप रेकॉर्डरवर लावला, एकाचा वेग जरासा वेगळा, आणि दोन्ही सरकत सरकत जाताना जे होतं तेच संगीत. आजही अशा कॉन्सर्टमध्ये बऱ्याचदा हीच युक्ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते, आणि मागाच्या गल्लीत कान तयार झालेल्या माणसाला ती लगेच कळते.

दुसरी जागा रेल्वे स्टेशन. मालगाडी जाताना डोळे मिटून ऐका, आवाज कुठून सुरू झाला, कुठं सर्वात जाड झाला, डब्यांच्या सांध्यांचा ठोका कधी पातळ झाला. पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये स्टेशनवर जाऊन इंजिनं, शिट्ट्या आणि चाकांचे आवाज रेकॉर्ड केले, ते कापून, फिरवून, परत परत वाजवून एक रचना केली आणि ती फ्रेंच रेडिओवर लागली. रेकॉर्ड केलेल्या आवाजांचं संगीत ही वाट मुख्यतः तिथून पुढं गेली.

घरी ऐकायचं असेल तर रात्री, हेडफोन लावून, एका वेळी एकच रचना, आणि दुसरं काही काम न करता. एक गोष्ट जरूर शोधून ऐका. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्राचा) स्टुडिओ उभा केला होता, त्यात संगीतज्ञ गीता साराभाई यांचा मोठा वाटा होता, आणि तिथं आपल्याच लोकांनी पुढची काही वर्षं टेपवर इलेक्ट्रॉनिक संगीत केलं. त्या टेप कित्येक वर्षं संग्रहात पडून होत्या, ब्रिटिश कलाकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचं संकलन निघालं. हे बाहेरून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर राग बसवून रेकॉर्ड काढली होती, त्यात ठेका आहे, त्यामुळं सुरुवातीला ती सोपी जाते.

कार्यक्रम शोधणं आणि तिकीट

सोलापुरात असा कार्यक्रम क्वचितच, त्यामुळं पुणे नाहीतर मुंबई. मोठ्या जाहिराती येत नाहीत, बॅनर लागत नाहीत. पुण्यामुंबईतल्या मॅक्समुल्लर भवनचे (जर्मन सांस्कृतिक केंद्राचे) कार्यक्रम बघत राहा, मुंबईत महालक्ष्मीचं जीफाइव्हए हे कलाकेंद्र आणि नरिमन पॉइंटला एनसीपीएचं एक्सपेरिमेंटल थिएटर बघा, इन्स्टाग्रामवर अशा जागांना आणि तिथं वाजवणाऱ्या कलाकारांना फॉलो करा, एकाच्या पोस्टवरून दुसरा सापडत जातो. तिकिटं बुकमायशो, डिस्ट्रिक्ट, स्किलबॉक्स यांवर असतात. मॅक्समुल्लर भवनसारख्या ठिकाणी बऱ्याचदा फुकट प्रवेश असतो पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा भरल्या की दार बंद.

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी वाचाच. एक, बसायला आहे का उभं राहायचंय. दोन, वयाची अट. कार्यक्रम बारमध्ये असेल तर अठरा किंवा एकवीसच्या खालच्यांना बऱ्याचदा आत सोडत नाहीत, कॉलेजच्या पोरांनी हे बघितल्याशिवाय गाडीत बसू नये, आणि ओळखपत्र ओरिजिनल ठेवा, नुसत्या फोटोवर दारातला माणूस ऐकेलच असं नाही. तीन, स्ट्रोब लाइटची सूचना. या कार्यक्रमांत पडद्यावर वेगाने लुकलुकणारी चित्रं आणि दिवे असतात, ज्यांना फिट्स येतात त्यांनी आयोजकांना मेसेज करून आधीच विचारून घ्या.

वेळेचंही बघा. मोकळ्या मैदानातला कार्यक्रम असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळं रात्री दहाला स्पीकर बंद होतात, क्वचित परवानगीने पुढं जातात. बंद हॉलला ती अट तशी लागू नाही, तिथं अकरा-साडेअकरा सहज होतात. पोस्टरवर आठ लिहिलंय म्हणजे आठला दार उघडतं, पहिला कलाकार बऱ्याचदा नऊच्या पुढं. परतीची गाडी याच हिशोबानं ठरवा.

जाणं-येणं

पुणे रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर. जाताना हुतात्मा किंवा वंदे भारत, दोन्ही सकाळी लवकर सुटतात आणि दुपारभर आराम करायला मिळतो, तो आराम खरंच करा, थकलेल्या कानांना तासभर ड्रोन (न थांबता चालणारा एकच लांब सूर) ऐकवत नाही. अडचण परतीची. हुतात्मा पुण्याहून संध्याकाळीच निघते, मुंबईची वंदे भारतही दुपारनंतर सुटते, म्हणजे कार्यक्रमाला थांबलात की या दोन्ही गेल्या. उरते सिद्धेश्वर. मुंबईत कार्यक्रम असेल आणि तो लवकर सुरू होणारा असेल तरच ती सीएसएमटीवरून धरायच्या भानगडीत पडा. पुण्यातून मात्र ती बरोबर सोयीची, मध्यरात्र उलटून गेल्यावर पुण्यात येते आणि सकाळी सोलापूर.

इथंच एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. कार्यक्रम शनिवारी रात्री असेल तर पुण्यातून सिद्धेश्वरमध्ये बसताना तारीख रविवारची झालेली असते. तिकीट काढताना पुणे ते सोलापूर आणि रविवारची तारीख असंच पाहिजे. शनिवारची घातली तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असणार. रिझर्वेशन नसेल तर स्वारगेटवरून एसटी किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेतच. वेळापत्रक बदलत असतं, निघायच्या आदल्या दिवशी ॲपवर एकदा बघून घ्या.

बॅगेत पाण्याची बाटली, एसीसाठी फुल बाह्यांचं काहीतरी, इअरप्लग, ओळखपत्र. खायचं आत नेऊ देत नाहीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीतच संपवा. ॲम्बियंट (संथ, वातावरणासारखं पसरणारं संगीत) किंवा ड्रोनच्या कार्यक्रमाला कधीकधी लोक जमिनीवर बसून, चक्क आडवे होऊन ऐकतात, आयोजकांनी तसं लिहिलं असेल तर सोलापुरी चादर घडी घालून न्या, तासाभरात तिची किंमत कळते.

इअरप्लग, याच्यात कंजुषी नको

हा भाग वगळून पुढं जाऊ नका. आवाज किती वेळ किती मोठा, यावर कानाचं नुकसान ठरतं. ८५ डेसिबलला आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल आहे. नॉइज प्रकारातले, म्हणजे गोंगाटातूनच संगीत करणारे, कलाकार याच्या आसपास किंवा वर सहज जातात, आणि तो मोठा आवाज हा त्यांच्या रचनेचाच भाग असतो, त्यामुळं कमी करा म्हणण्यात अर्थ नाही, आपले कान आपण सांभाळायचे. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्तात. घालायची पद्धत मात्र नीट पाहिजे, नाहीतर उपयोग शून्य. प्लग बोटांत गोल फिरवत बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. फोममध्ये एकच वाईट, तो बारीक आवाज जास्त खातो आणि बेस कमी, त्यामुळं सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं. वर्षातून दोन-चार कार्यक्रमांना जाणार असाल तर संगीतासाठीचे सिलिकॉनचे फिल्टरवाले प्लग ऑनलाइन मागवा, त्यात आवाज सगळीकडून सारखा कमी होतो आणि पोत टिकतो. लहान मुलांना नेणार असाल तर त्यांना कानावर बसणारे मोठे मफ लागतात.

प्लग शांत आवाजात काढून आणि मोठा आवाज सुरू झाल्यावर घालून चालत नाही, कारण हे लोक शांततेतून मोठ्या आवाजात एका क्षणात जातात. आत शिरतानाच घाला.

हॉलमध्ये: कुठं उभं राहायचं

स्टेजला चिकटून नको. स्पीकर डावीउजवीकडं असतात, तुम्ही मधोमध आणि थोडं मागं, दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल अशी जागा. साउंड मिक्सरवाला जिथं बसतो त्याच्या आसपास उभं राहिलं की बहुतेक वेळा काम होतं, तो जे ऐकून ठरवतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. काही कार्यक्रमांत स्पीकर चारी बाजूंनी असतात. पॅरिसच्या जीआरएम या संगीत संशोधन संस्थेने १९७४ पासून ढिगाने स्पीकर मांडून अंधारात ऐकवायची पद्धत रूढ केली, आवाज समोरून मागं, कोपऱ्यातून छताकडं फिरतो. असं असेल तर बरोबर मधली खुर्ची धरा, त्यासाठी लवकर जावा.

बेस लांबलचक चालू असेल तेव्हा आणखी एक करून बघा, चार पावलं मागं सरका, मग दोन पावलं बाजूला. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला पन्नास वेळा थरथरणाऱ्या) आवाजाची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, भिंतीवर आपटून परत येते, म्हणून खोलीत एका ठिकाणी बेस दुप्पट लागतो आणि दोन पावलांवर गायब होतो. काही कलाकार हे ओळखूनच सूर निवडतात. अमेरिकन संगीतकार अल्विन लुसिए यांनी १९६९ मध्ये खोलीत बसून चार वाक्यं बोलून रेकॉर्ड केली, ते रेकॉर्डिंग त्याच खोलीत वाजवून परत रेकॉर्ड केलं, परत, परत, शेवटी शब्द पुसून गेले आणि फक्त त्या खोलीचे स्वतःचे सूर उरले. प्रत्येक हॉलचे असे सूर असतात. आपल्या हुतात्मा स्मृतिमंदिरात आणि मुंबईतल्या एखाद्या जुन्या गिरणीतल्या हॉलमध्ये तोच माणूस तेच वाजवेल तरी वेगळं ऐकू येईल.

टेबलावर काय चाललंय

हे माहीत असेल तर बघायलाही मजा येते. रंगीत वायरी खुपसलेली पेटी म्हणजे मॉड्युलर सिंथ, वायर बदलली की आवाजाचा रस्ताच बदलतो, कलाकार वायर काढून हातात धरून थांबला असेल तर आता काहीतरी होणार हे समजा. पडद्यावर कोडच्या ओळी टाईप होताना दिसत असतील तर ते लाइव्ह कोडिंग, ओळ बदलली की संगीत बदलतं, त्यात प्रेक्षकांना स्क्रीन दाखवणं हा नियमच आहे. पत्रा, तार, वाटी यांना चिकटवलेली छोटी चकती म्हणजे कॉन्टॅक्ट माइक, तो हवेतला आवाज घेत नाही, वस्तूतली थरथर घेतो. नुसता साउंड मिक्सर आहे आणि त्याला काहीच जोडलेलं नाही असं दिसलं तर त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये घातलेलं असतं, जपानच्या तोशिमारू नाकामुरांनी ही पद्धत नावारूपाला आणली. लग्नात माइक शिट्टी मारतो तोच फीडबॅक, इथं तो काबूत ठेवून वाजवतात. आणि नुसता लॅपटॉप असेल तर बघण्यासारखं काही नाही, डोळे मिटा.

ऐकायचं कसं

पहिली दहा मिनिटं कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही. एवढं एकच पाळलं तरी पुष्कळ. डोकं चाल शोधत राहतं, सापडत नाही म्हणून चिडतं, ते चिडणं दहा मिनिटांत बसतं.

मग एकच धागा धरा. सगळ्यात खालचा सूर घ्या आणि तो कधी हलतो बघा. ड्रोन चालू असेल तर त्यात एक मंद लाट ऐकू येते, आवाज फुगतो आणि ओसरतो. मिरजेचा तानपुरा जुळवताना जवळ बसला असाल तर हे तुमच्या ओळखीचं आहे, जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हलतो, अगदी जुळल्या की हलणं थांबतं. १०० आणि १०२ हर्ट्झचे दोन सूर एकत्र लावले तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. कलाकार बटण केसभर फिरवतो आणि दोनाची एक लाट होते, मग दोन सेकंदांना एक. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. ज्याने ती लाट धरलीय त्याच्यासाठी ती सगळी मैफल असते.

तो धागा सुटला की दुसरा धरा, बारीक खरखर, आवाजाचं अंतर, शांतता. लक्ष जाईल, जाऊ द्या, परत आणा. कंटाळा आला म्हणून बाहेर पडायची लाज नाही, पण दोन रचनांच्या मध्ये निघा. डोकं गरगरलं, मळमळलं, कान दुखला तर मात्र मध्येच उठा, थांबायचं नाही.

बोलू नका, कुजबुजू पण नका. ठेका असलेल्या गिगमध्ये गप्पा खपतात, इथं शांततासुद्धा रचनेत असते आणि तुमची चिप्सची पिशवी आख्ख्या हॉलला ऐकू जाते. वाहवा, क्या बात, हे आपल्या बैठकीत शोभतं, इथं शेवटी टाळ्या. शेवट कळत नाही तेव्हा कलाकाराचा हात बटणावरून निघाला आणि त्याने मान वर केली की वाजवा. व्हिडिओ पाहिजेच असेल तर तीस सेकंद घ्या, फ्लॅश बंद, मोबाईलच्या माइकमध्ये खालचा बेस येत नाही आणि मोठा आवाज फाटतो, त्यामुळं त्या क्लिपवरून घरी कुणाला काही पटत नाही.

संपल्यावर

लगेच पळू नका. या क्षेत्रातले बहुतेक कलाकार स्वतःच वायरी गुंडाळत असतात आणि विचारलं की मनापासून सांगतात. "हे कसं केलं" विचारा, "तो मधला आवाज कशाचा होता" विचारा, वस्तूला हात मात्र न विचारता लावू नका. कॅसेट, रेकॉर्ड विकायला ठेवलेली असेल आणि परवडत असेल तर घ्या, नाहीतर बँडकॅम्प या वेबसाइटवर त्यांचं काम विकत घ्या, स्ट्रीमिंगमधून त्यांच्या हातात फारसं काही पडत नाही.

कानांना त्यानंतर सोळा-सतरा तास शांतता द्या. परतीच्या गाडीत हेडफोन नको, दुसऱ्या दिवशी मिरवणूक असेल तर दुसरा रस्ता धरा. कानात शीं असा आवाज येत असेल तर तो सहसा काही तासांत जातो. दोन दिवसांनीही राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जावा, त्याचे उपचार लवकर सुरू केले तरच जास्त लागू पडतात.